जिवंत गप्पीशिवाय काहीच न खाणाऱ्या माशाला पेलेटवर कसं आणायचं

आमच्याकडे सिल्व्हर अरोवाना आहे. आणला तेव्हा वीतभरही नव्हता, आणि दुकानदाराला विचारलं हा खातो काय, तर म्हणाला "काय पण टाका, सगळं खातो". घरी आणल्यावर कळलं की त्याच्या 'सगळं' मध्ये फक्त जिवंत गप्पी मासे येतात. पेलेट, म्हणजे माशांच्या सुक्या खाण्याची गोळी, टाकला की साहेब खालून येणार, मिशा वर करून त्याला हुंगल्यासारखं करणार आणि मान वळवून निघून जाणार, पेलेट तिथेच फुगत बसणार. मग दर रविवारी पिशवीभर गप्पी आणायची, ती वेगळ्या बादलीत सांभाळायची, त्यातली निम्मी आधीच मरायची. हे पाचेक महिने चाललं.

आता तो दिवसातून एकदा पेलेट खातो, काही नाटक नाही. मध्ये जे जे केलं आणि जे जे चुकलं ते लिहितोय. नवीन लोकांचा प्रश्न नेहमी तोच असतो, ऑस्कर असो, चन्ना (मरळीच्या जातीचा) असो, पिकॉक बास असो, सगळे असेच शिकारी मासे, "पेलेट खातच नाय, काय करू".

पहिली गोष्ट डोक्यात नीट बसवा. मासा हट्टी नसतो हो. त्याला पेलेट हे खाणं आहे हेच माहीत नसतं. शिकारी माशासाठी खाणं म्हणजे जे हलतं, पळतं, चमकतं ते. तपकिरी गोळी पाण्यावर तरंगतेय म्हणजे त्याच्या लेखी कचरा. त्यामुळे आपलं काम एवढंच की जिवंत गप्पी ते पेलेट हे अंतर त्याच्याकडून छोट्या छोट्या पायऱ्यांनी चालवून घ्यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी जिवंतपणा काढायचा, मग हालचाल काढायची, मग आकार, मग चव. लोक डायरेक्ट गप्पीवरून पेलेटवर उडी मारायला लावतात आणि मग म्हणतात माझा मासा वेगळाच आहे.

आणि जिवंत फीडर (म्हणजे खायला घालायचे छोटे मासे) काय वाईट आहेत असं विचारणारे पण असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानातले फीडर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गर्दीत ठेवलेले मासे, त्यांच्याबरोबर पांढरे ठिपके, जंत, बुरशी सगळं फुकट घरी येतं. दुसरं म्हणजे गोल्डफिश आणि कार्पच्या खानदानातल्या बऱ्याच माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते व्हिटॅमिन बी-१ मोडून टाकतं. रोज तेच खाणाऱ्या माशाला काही महिन्यांनी बी-१ कमी पडतं, मग तो तोल जाऊन वाकडातिकडा पोहायला लागतो आणि आपण औषधं शोधत बसतो. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे एन्झाइम जात नाही, शिजवलं तरच जातं. गप्पी-मॉलीचा तो त्रास नाही, पण रोगाचा आहेच.

सुरुवात करायच्या आधी

मासा नवीन असेल तर पहिला आठवडा त्याच्यावर काहीच प्रयोग करू नका. तो जे खातो ते द्या, कमी द्या, टँकचा लाईट मंद ठेवा, लपायला जागा द्या. घाबरलेला मासा पेलेट सोडा, गप्पी पण खात नाही.

पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून पाण्यात उतरणारं विष) शून्य पाहिजे, टेस्ट किट नसेल तर घ्या, फिल्टरमध्ये भरायच्या नवीन सामानाआधी ते घ्या. तापमान २६ ते २८ च्या आसपास हवं. आमच्या डोंबिवलीत ते बहुतेक वर्षभर आपोआप राहतं, पण पुणे-नाशिक-नागपूरवाल्यांनो, डिसेंबर-जानेवारीत हीटर नसेल तर पाणी २० च्या आसपास उतरतं आणि माशाची भूकच बसते. तेव्हा ट्रेनिंग सुरू करून उपयोग नाही, आधी हीटर लावा.

मग माशाचं पोट बघा, समोरून आणि बाजूने. पोट आत गेलेलं असेल, डोकं मोठं आणि पाठ धारदार दिसत असेल, शी पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब असेल, तर हा मासा उपाशी ठेवण्यातला नाही, याच्या पोटात बहुतेक काहीतरी गडबड आहे. आधी त्याचं बघा, त्याला भरा, मग पेलेटचं.

आणि टँकवर झाकण. उपाशी अरोवाना आणि उपाशी चन्ना हे दोघे रॉकेट असतात. वर वजन ठेवा. मी काचेवर पाटा ठेवलाय, वरवंट्यासकट.

तुमचा मासा खातो कसा ते ओळखा

यात बरेच जण फसतात. अरोवानाचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो पृष्ठभागावरचं खातो, त्याला बुडणारा पेलेट देऊन काही होणार नाही, तो खाली वाकून उचलायचे कष्ट सहसा घेत नाही. त्याला तरंगणारी कांडी हवी, हिकारीच्या फूड स्टिक्स वगैरे त्यासाठीच असतात. ऑस्कर, पिकॉक बास मधल्या पाण्यातले, नजरेवर खाणारे, त्यांना हळूहळू बुडणारं आवडतं पण वरचंही उचलतात. बिचिर, रोपफिश हे तळातले मासे उलट, त्यांना दिसतं कमी आणि वास येतो जबरदस्त, त्यांना बुडणारा पेलेट रात्री लाईट घालवून टाका, हालचाल-बिलचाल काही लागत नाही. चन्ना मधला आहे, नजर पण आहे आणि नाक पण, शिवाय तो माणूस ओळखतो, त्याचा फायदा होतो पुढे.

पेलेटचा साईज माशाच्या डोळ्याएवढा धरा, सुरुवातीला त्याहून लहानच. डब्यावर पहिला घटक फिश मील (माशांची पूड) किंवा मासा-कोळंबी असं काहीतरी हवं आणि प्रोटीन ४०% च्या आसपास किंवा वर. गव्हाचं पीठ पहिल्या नंबरला असेल तर तो डबा परत ठेवा. सुटे पेलेट प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात ते घेऊ नका, किती दिवस उघडे आहेत देव जाणे, व्हिटॅमिन सी हवेत उघडं राहिलं की कमी होत जातं आणि तेलाला खवट वास येतो, तो आपल्याला नाही आला तरी माशाला येतो.

पायरी पहिली: जिवंत बंद, मेलेलं सुरू

मासळी बाजारातून लहान कोळंबी घ्या. डोकं काढा, साल काढा, पाठीतला काळा दोरा काढा, म्हणजे आपण आपल्यासाठी करतो तसंच, फक्त हळद-मीठ लावायचं नाही (हसू नका, आमच्या घरी एकदा सवयीने लागलं होतं, ती सगळी कोळंबी आमच्याच ताटात गेली). बारीक लांबट तुकडे करा, गप्पीच्या आकाराचे, चौकोनी नकोत. एका दिवसाच्या एक अशा छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. ताजा जवळा मिळाला तर तोही छान, लहान माशांना तर आयता साईज. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा दोन्ही महाग होतात किंवा मिळत नाहीत, त्यामुळे मेमध्येच भरून ठेवा.

आता हा तुकडा मेलेला आहे, पण माशाला ते कळू द्यायचं नाही. लांब चिमटा घ्या, ॲक्वेरियमवाल्यांकडे फूटभर लांबीचा मिळतो, आणि तुकडा चिमट्यात हलका धरून पाण्यात फडफडवा. हलका धरा, कारण मासा झडप घालतो तेव्हा चिमट्याचं टोक तोंडात लागलं की तो पुढचे चार दिवस चिमट्याला घाबरतो. चिमट्याला घाबरतच असेल तर दुसरी युक्ती: तुकडा फिल्टरचं पाणी जिथे जोरात पडतं तिथे सोडा, प्रवाह त्याला पळवतो आणि मासा मागे जातो. आमच्याकडे हीच युक्ती चालली, चिमटा बघून अरोवाना टँकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा.

पहिल्या दिवशी नाही खाणार. दहा-पंधरा मिनिटांनी तुकडा बाहेर काढा आणि त्या दिवशी दुसरं काहीही टाकू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात, परत. वेळ आणि जागा बदलू नका. मी टाकायच्या आधी काचेच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक करायचो, पंधरा दिवसांत टकटक केली की तो वर यायला लागला. टकटक हळू हां, ढोल नाही वाजवायचा.

उपाशी किती दिवस ठेवायचं

इथे लोक हलतात, मी पण हललो. धडधाकट, अंगाने भरलेला मोठा शिकारी मासा आठवडा-दहा दिवस काही न खाता आरामात राहतो. त्याचं रक्त थंड, शरीर गरम ठेवायला त्याला आपल्यासारखं तीन वेळा जेवायला लागत नाही. पण बोटाएवढं पिल्लू असेल तर दोन-तीन दिवसांवर जाऊ नका, पिल्लांना वाढायचं असतं. पिल्लं तशीही लवकर शिकतात म्हणा, म्हणून शक्यतो मासा लहान घ्या आणि घेताना दुकानात डोळ्यासमोर खाताना बघून घ्या. फूटभर झालेला, आयुष्यभर फीडरवर वाढलेला अरोवाना कोणी स्वस्तात देत असेल तर तो स्वस्त का आहे हे आता तुम्हाला कळलं असेल.

माझा पहिला प्रयत्न फसला तो मेमध्ये, आणि तो माशाने नाही, घरच्यांनी फसवला. सहावा दिवस होता. कोळंबीला तो तोंड लावत नव्हता, पण पोट ठीक होतं, पोहणं ठीक होतं, सगळं बरोबर चाललं होतं. आई रोज संध्याकाळी टँकसमोर खुर्ची टाकून बसते, तिला ते बघवेना. "अरे मुक्या जिवाला उपाशी ठेवून कुठलं पुण्य मिळवतोयस?" मी म्हटलं दोन दिवस थांब. आठव्या दिवशी ऑफिसमधून आलो तर साहेब गरगरीत पोट घेऊन फिरतायत. आईने बादलीतली उरलेली सातही गप्पी टाकली होती आणि वर मला सांगते, "बघ, भूक होतीच त्याला".

भूक होतीच ना. तोच तर मुद्दा होता. त्या दिवशी मासा एक गोष्ट शिकला की आठ दिवस थांबलं की गप्पी मिळतात, आणि पुढच्या वेळी तो आठ दिवस बिनधास्त थांबला. त्यामुळे सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि फीडरची बादली घरातूनच काढून टाका. समोर आहे तोवर कोणाचा तरी हात जातोच.

पायरी दुसरी: हालचाल काढा

दुसऱ्यांदा जूनच्या शेवटी सुरू केलं, आईला आधी पटवून. अकराव्या दिवशी त्याने प्रवाहातला कोळंबीचा तुकडा पकडला. एकदा पकडला की मग पुढे गाडी पळते. चार-पाच दिवस तो रोज खाऊ द्या, आनंदाने, थोडं थोडं. मग फिल्टर पाच मिनिटं बंद करा आणि स्थिर पाण्यात तुकडा सोडा. खातो? झालं. नाही खात? फिल्टर चालू करून एक द्या, मग बंद करून एक. (फिल्टर परत चालू करायला विसरू नका, मोबाईलवर अलार्म लावा.)

पायरी तिसरी: कोळंबीत पेलेट

हे सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं. कोळंबीच्या तुकड्याला ब्लेडने उभी चीर द्या आणि आत एक लहान पेलेट दाबून बसवा. पेलेट कोरडा नको, आधी कोळंबी धुतलेल्या पाण्यात पाच-एक मिनिटं भिजवा, म्हणजे मऊ पण होतो आणि वास पण कोळंबीचा लागतो. लसूण ठेचून त्याचा रस लावतात बरेच लोक, मी पण लावला, फरक पडला का नाही सांगता येत नाही, घरात वास मात्र पावभाजीच्या गाडीसारखा.

पहिल्यांदा काय झालं ते जवळून बघितलंय. त्याने तुकडा घेतला, तोंड बंद, दोन्ही गालफडं हलली, मग थांबला. मग परत हलली. आणि मग कल्ल्यातून तपकिरी भुगा बाहेर आला आणि मागोमाग पेलेटचा उरलेला अर्धा भाग त्याने थू करून टाकला, कोळंबी मात्र गिळली. जसं आमचा पुतण्या पोह्यातले शेंगदाणे खातो आणि कांदा ताटाच्या कडेला लावतो, अगदी तसं. निराश होऊ नका, भुगा तोंडात फिरला म्हणजे चव कळली. तीन दिवस थुंकला, चौथ्या दिवशी गिळला.

आता रोज कोळंबी कमी आणि पेलेट जास्त. एका तुकड्यात दोन पेलेट. मग कोळंबीची नुसती पातळ चकती पेलेटभोवती गुंडाळलेली. ज्यांना हे शिवणकाम जमत नसेल त्यांनी कोळंबी मिक्सरला वाटून त्यात पेलेटचा चुरा मिसळायचा, पातळ थर करून फ्रीझ करायचा आणि तुकडे मोडून द्यायचे, दर आठवड्याला चुऱ्याचं प्रमाण वाढवायचं. बिचिर आणि चन्नाला हे फार चालतं. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं घ्या, नाहीतर मासा पेलेटवर यायच्या आधी तुम्ही घराबाहेर.

पायरी चौथी: घाईगर्दीत फसवायचं

ही माझी आवडती, आणि नजरेवर खाणाऱ्या माशांना सगळ्यात लागू पडणारी. मासा भुकेला असताना, म्हणजे आदल्या दिवशी उपास झालेला असताना, एक कोळंबी टाका. खाल्ली की लगेच दुसरी, त्याच जागी. खाल्ली की लगेच तिसरी. त्याला एक लय लागते, पाण्यावर काही टपकलं की तो न बघता उचलतो. आणि चौथ्या वेळी, त्याच जागी, त्याच लयीत, भिजवलेला पेलेट. मध्ये एक सेकंद पण थांबायचं नाही, थांबलात की तो बघतो, आणि बघितलं की संपलं. खाल्ला तर लगेच कोळंबी, बक्षीस म्हणून. थुंकला तर तेवढ्यावर थांबा, त्या दिवसाचं जेवण संपलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरला पेलेट. मग दुसऱ्या. ज्या दिवशी पहिलाच पेलेट खाल्ला त्या दिवशी मी ऑफिस ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, कोणाला काही कळलं नाही.

सोबतीला आधीच पेलेट खाणारा मासा असेल तर यातलं अर्धं काम तोच करतो. दुसरा मासा वर येऊन काहीतरी गट्टम करतोय हे बघून याचं डोकं फिरतं, माझं राहून जाईल म्हणून हा पण झडप घालतो. ऑस्कर तर यात उस्ताद. पण सोबती तोंडात मावणार नाही एवढा मोठा हवा, नाहीतर तुम्ही शिक्षक आणायला गेलात आणि फीडर आणलात. चन्ना आणि सोबती हा विषयच सोडा, त्याला एकटाच ठेवा आणि तुम्हीच हातून भरवा, तो तुमच्या हाताला खाणं समजायला लागला की पेलेट काय, बोट पण उचलतो.

पायरी पाचवी: नुसता पेलेट

आमच्याकडे याला मुदत होती, कारण श्रावण. श्रावणात आमच्या फ्रिजमध्ये कोळंबी राहूच शकत नाही, मासा असो वा माणूस. गटारीच्या दिवशी फ्रीझरमधली शेवटची पुडी त्याला दिली, बाकी आम्ही उरकली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांचंही बंद. पहिला दिवस, टकटक, पेलेट, बघितलं, गेला. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी एक खाल्ला, दुसरा थुंकला. पाचव्या दिवशी पाच खाल्ले आणि परत वर येऊन बघत बसला, अजून आहे का म्हणून. आई म्हणाली, "बघ, त्याने पण श्रावण पाळला". पेलेटमध्ये फिश मील असतं हे मी तिला सांगितलेलं नाही.

या पायरीवर तीन-चार दिवस काहीच नाही खाल्लं तर एक पायरी मागे या, कोळंबी गुंडाळलेला पेलेट द्या. जिवंतवर परत जायचं नाही, एवढं एकच पक्कं. आणि न खाल्लेला पेलेट पंधरा मिनिटांत काढायचाच, ट्रेनिंगच्या काळात सगळ्यात जास्त मासे उपाशी राहून नाही मरत, सडलेल्या पेलेटने पाणी बिघडून मरतात. आठवड्यातून दोनदा पाव टँक पाणी बदला या दिवसांत.

वेळ किती लागतो? माझा आणि आसपासच्या मित्रांचा अनुभव सांगतो: ऑस्कर दोन-चार दिवस, तो जन्मजात खादाड. पिकॉक बास दोन-तीन आठवडे. ओढ्यातली आपली बुटकी चन्ना गाचुआ आठवडा ते तीन आठवडे, दुकानातली असेल तर कमी. अरोवाना महिना-दीड महिना, पिल्लू असेल तर त्याच्या निम्मा. लीफ फिश आणि आपल्या नद्यांतला तो सुईसारख्या चोचीचा मासा, यांच्यावर मी वेळ घालवणार नाही, ज्यांना जिवंत देणं जमतं त्यांनीच ते पाळावेत. आणि पफरला पेलेट शिकवला तरी गोगलगायी द्याव्याच लागतात, त्याचे दात वाढत राहतात, कडक कवच फोडून झिजले नाहीत तर तोंड बंद होतं.

चिकन लिव्हर, मटणाचं काळीज असलं काही मधल्या काळात रोज देऊ नका. त्यातली चरबी माशाला पचत नाही, पाणी पण तेलकट होतं. नुसत्या कोळंबीवर पण कायम ठेवू नका, पेलेटवर आल्यावर आठवड्यातून एकदा कोळंबी किंवा नाकतोडा बदल म्हणून ठीक आहे. जास्त नको, चटक लागली की पेलेटला परत नाक मुरडतो.

आणि कंटाळा आला, खातच नाही, मोठा झाला म्हणून खाडीत-नदीत सोडणारे लोक आहेत, त्यांच्यासारखं करू नका. उजनीच्या जाळ्यांत सकर मासा येतो तो असाच कोणाच्या तरी टँकमधून सुटलेल्यांचा वंश आहे, कोळी लोक वैतागलेत. दुकानात परत द्या, कोणी पाळणारा शोधा.

या सगळ्याचा खरा फायदा गणपतीत झाला. दरवर्षी आम्ही सहा दिवस कोकणात जातो, आणि गप्पीची बादली असती तर ती कोण सांभाळणार यावरून भांडण ठरलेलं होतं. मोठा मासा सहा दिवस तसाही राहतो, पण आईला ते पटणार नाही हे आता तुम्हाला माहीत आहेच. यंदा मी औषधाच्या गोळ्यांची ती आठवड्याची डबी असते ना, सोम-मंगळ-बुध लिहिलेली, त्यात रोजचे आठ पेलेट मोजून भरले आणि शेजारच्या काकूंना दिली, म्हटलं दोनदा टकटक करा आणि त्या दिवसाचा कप्पा उलटा करा, बाकी काही टाकू नका. आलो तर डबी रिकामी, पाणी स्वच्छ, मासा खूश. काकू डबी परत देताना हळू आवाजात विचारतात, "बरं आहे ना रे आता त्याला? एवढ्या गोळ्या रोज, म्हटलं काहीतरी मोठंच दुखणं असेल".